स्थिर आकाराचा हिशेब : एका वाडीच्या वीजबिलांच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात माझे सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीकविम्याचे अर्ज यांच्या जोडीला लोकांची वीजबिले ऑनलाइन भरून देणे हे तिथले रोजचे काम. मुंबईत राहणारे चाकरमानीही फोनवरून ग्राहक क्रमांक कळवतात आणि मी त्यांच्या बंद घरांची बिले भरते. त्यामुळे एकाच वाडीतली, एकाच खांबावरून वीज घेणारी घरे किती निरनिराळे पैसे भरतात हे माझ्या नजरेसमोरून जाते, पण आजवर मी ते नीट पाहिले नव्हते.

गेल्या आठवड्यात तीन बिले लागोपाठ हाती आली. पहिले बंद घराचे होते : वापर शून्य युनिट, रक्कम १४८ रुपये ४८ पैसे, पूर्णांकात १५०. दुसरे वरच्या वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींचे : वापर १२ युनिट, रक्कम २३० रुपये. तिसरे रस्त्यालगतच्या नव्या बंगल्याचे, वापर ३०० युनिट आणि रक्कम साडेतीन हजारांच्या घरात. आजी म्हणाल्या, "बाय माजे, दोन बत्त्या पेटवतंय, तरी बिल एवढा?" मी नेहमीचे उत्तर दिले की स्थिर आकार असतो, म्हणजे वीज वापरा न वापरा दर महिन्याला द्यायची ठरलेली रक्कम, आणि तो सगळ्यांनाच असतो. त्या गेल्यावर मात्र सहज भागाकार करून पाहिला. आजींना एक युनिट १९ रुपयांना पडले होते आणि बंगल्याला साडेअकरा रुपयांना.

वाचनालयाच्या बैठकीत हे बोलले, तेव्हा गणिताचे निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी म्हणाले की तीन बिलांवरून काही ठरत नाही, वाडीतली बिले जमवून रीतसर मांडणी करू या. तेव्हापासून ही वही सुरू केली आहे. ठरले ते असे की फक्त घरगुती, सिंगल फेज जोडण्यांचा विचार करायचा, बिल ज्याचे त्याने आपणहून दिले तरच घ्यायचे आणि वहीत कोणाचेही नाव न लिहिता घराला क्रमांक द्यायचा.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आधी बिलाची चिरफाड. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ रोजी महावितरणसाठी दिलेल्या आदेशातले २०२४-२५ चे दर सध्या लागू आहेत. घरगुती सिंगल फेज ग्राहकाला महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार, पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे वीज आकार, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे आणि प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचे पैसे. या सगळ्या बेरजेवर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो आमच्या मांडणीतून वगळला आहे.

स्थिर आकारावरही शुल्क लागते ही गोष्ट मला या निमित्ताने पहिल्यांदा नीट उमगली. १२८ चे १४८ रुपये ४८ पैसे होतात ते त्यामुळेच. म्हणजे एकही युनिट न जाळणारे घरसुद्धा विजेवरचे शुल्क भरते.

गुरुजींनी कागदावर ओळीने आकडे काढले. १० युनिट वापरणाऱ्याचे बिल २१६ रुपये ६९ पैसे, म्हणजे युनिटला २१ रुपये ६७ पैसे. २० युनिटांना हाच भाव १४ रुपये २४ पैशांवर येतो, ३० युनिटांना ११ रुपये ७७ पैशांवर, ५० युनिटांना ९ रुपये ७९ पैशांवर, आणि १०० युनिटांना ८ रुपये ३१ पैसे होतो. तिथून पुढे दुसऱ्या टप्प्याचा चढा दर लागत असल्याने तो पुन्हा वर जाऊ लागतो : १५० युनिटांना ९ रुपये ९७ पैसे, २०० ला १० रुपये ८० पैसे आणि ३०० ला ११ रुपये ६३ पैसे.

शेवटच्या आकड्यावर आम्ही दोघेही थांबलो. महिन्याला ३० युनिट वापरणारे घर युनिटामागे जे मोजते, ते ३०० युनिट वापरणाऱ्या घरापेक्षा १४ पैशांनी जास्तच आहे. टप्प्याटप्प्याने वाढणारे दर ठेवण्यामागे कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग असा हेतू असतो, दरपत्रक वाचले तर तसेच दिसते. पण बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागली की खालच्या टोकाला तो हेतू उलटा होतो. सगळ्यात स्वस्त वीज १०० युनिटांच्या आसपास वापरणाऱ्या कुटुंबाला मिळते आणि त्याच्या खाली जावे तसतशी ती महाग होत जाते.

आजींच्या बिलातले १०० रुपये घेतले तर त्यातले ६४ स्थिर आकार आणि त्यावरच्या शुल्काचे आहेत. बंगल्याच्या बिलात हा वाटा १०० रुपयांत सव्वाचार रुपये आहे.

१५ ऑगस्ट २०२४, गुरुवार

झेंडावंदनाला सगळी वाडी शाळेत जमते, म्हणून तिथेच बिले मागितली. प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षांची बिले नीट घडी घालून ठेवणारी घरे निघाली, तशीच बिल येताच चुलीत घालणारीही निघाली. बऱ्याच बिलांवर आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव अजून तसेच आहे. ते बदलायला गेले की वारसांचा प्रश्न निघतो, म्हणून कोणी बदलत नाही.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

आज माझी एक चूक सापडली, ती दुरुस्तीसह नोंदवून ठेवते.

आजींच्या माजघरातला पंखा जुना, ७५ वॅटचा आहे. रोज ८ तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात. हल्लीचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो, म्हणजे महिन्याला १०-११ युनिट वाचतात. मी हिशेब मांडला की आजींना युनिट १९ रुपयांना पडते, तेव्हा ११ युनिटांचे महिन्याला २०० रुपयांवर वाचतील आणि अडीच-तीन हजारांचा पंखा सव्वा वर्षात फुकट होईल.

गुरुजींनी तिथेच अडवले. पंखा बदलला म्हणून १२८ रुपये कमी होणार आहेत का? वाचेल तो फक्त वीज आकार, वहन आकार आणि त्यांच्यावरचे शुल्क, म्हणजे युनिटामागे ६ रुपये ८२ पैसे. महिन्याला ७५ रुपये. तेही बाराही महिने रोज ८ तास पंखा चालवला तर. आजी तो मे महिन्यात आणि पाहुणे आले तरच लावतात. त्यांच्या हयातीत पंख्याची किंमत वसूल होणे अवघड.

उलट ३०० युनिटांच्या बंगल्यात एक युनिट वाचले तर १३ रुपये २९ पैसे वाचतात. काटकसरीचे बक्षीस भरपूर वापरणाऱ्याला जवळजवळ दुप्पट मिळते. तो दुसऱ्या टप्प्यात असल्यामुळे हे होते आणि त्याने वीज वाचवावी हे मला मान्यच आहे. पण जी बाई आधीच दोन दिव्यांवर राहते तिने आणखी काय वाचवायचे? तिच्या बिलाचा दोन तृतीयांशाच्या जवळपासचा भाग तिच्या हाताबाहेर आहे. एलईडीचे नऊ-नऊ वॅटचे दोन दिवे रोज ५ तास जाळले तर महिन्याला पावणेतीन युनिटही होत नाहीत, हे लोकांना सांगताना मला नेहमी कौतुक वाटायचे. आज ते बोलवेना.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

आज दुसरी बाजू समजून घेतली. आमच्या भागाच्या वायरमनना चहाला बोलावले होते. त्यांनी आमचा कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "आजींच्या घरापर्यंत खांब किती, ते मोजलेत का?"

मोजले नव्हते, म्हणून त्यांच्याबरोबर पाखाडीने वर गेलो. मुख्य लाइनपासून आजींच्या खळ्यापर्यंत ९ खांब आहेत, दोन वहाळाच्या कडेला, एक कातळात, बाकीचे काजूच्या बागेतून. तारांवर फांदी पडली की बिघाड शोधायला माणूस पायीच जातो, मग टोकाच्या घरात १२ युनिट जळत असोत की ३००. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने तारा, क्लॅम्प आणि नटबोल्ट लवकर गंजतात. घाटावर जे सामान वर्षानुवर्षे टिकते ते इथे बदलावे लागते.

आणि ३ जून २०२० आठवला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढले आणि दापोली, मंडणगड तालुक्यांत खांब काडीसारखे मोडून पडले. पुढचे कित्येक दिवस, काही वाड्यांत काही आठवडे, वीज नव्हती. बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसे मदतीला आली, खांब गाडीने जाईनात तिथे वाडीतल्या मंडळींनी ते खांद्यावरून वर चढवले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले आणि पुन्हा तीच दुरुस्ती झाली. हा सगळा खर्च युनिटांत मोजता येत नाही. वीज कमी विकली म्हणून वादळात खांब कमी मोडत नाहीत.

खर्चाचा आणखी एक थर डोळ्यांना दिसत नाही. वितरण कंपनी वीजनिर्मिती प्रकल्पांशी जे करार करते, त्यांत बहुधा दोन भाग असतात. प्रकल्प सज्ज ठेवल्याबद्दल एक ठरलेली रक्कम आणि प्रत्यक्ष घेतलेल्या विजेचा वेगळा दर. पहिली रक्कम वीज घेतली नाही तरी द्यावी लागते. म्हणजे कंपनीलाही वरच्या पायरीवर स्थिर आकार भरावा लागतो आणि तोच हिश्श्या-हिश्श्याने खाली येतो.

तेव्हा स्थिर आकार मुळातच अन्यायाचा आहे, असे या वहीत लिहायचे नाही, असे ठरवले. वाद आहे तो कोणावर किती, एवढ्यापुरता.

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

गणपतीचा तिसरा दिवस. वाडीतली जवळजवळ सगळी घरे उघडी आहेत. वर्षभर कुलूप असलेल्या घरांतून झगमगाट, मिक्सर, पंखे, मोदकांच्या घाईत लावलेले इंडक्शन, आरतीला लाउडस्पीकर. काल रात्री आठच्या सुमारास ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज उडाला आणि अर्ध्या वाडीने आरती निरांजनाच्या उजेडात केली, जे खरे तर अधिक शोभून दिसले.

या प्रसंगामुळे एक गोष्ट ध्यानात आली, ती एरवी सुचली नसती. वाडीचा ट्रान्सफॉर्मर केवढा हवा, हे आजींच्या १२ युनिटांवरून ठरत नाही आणि वर्षभराच्या सरासरीवरूनही ठरत नाही. ते ठरते गणपतीच्या या पाच-सात रात्रींवरून, जेव्हा सगळी बंद घरे एकाच वेळी दिवे लावतात. जे घर वर्षाला ६० युनिट वापरते पण ती सगळी गणपती, शिमगा आणि मे महिन्यात, त्या घरासाठी ट्रान्सफॉर्मर, तारा आणि खांब पूर्ण ताकदीने बारा महिने उभे असतात. अशा घराला वर्षाला स्थिर आकाराचे शुल्कासह १७८२ रुपये पडतात आणि युनिटचा भाव साडेछत्तीस रुपये निघतो. आकडा ऐकून धक्का बसतो, पण मला तो अन्याय वाटत नाही.

चाकरमानी मंडळींना विचारले की एवढे पैसे भरता, तर जोडणी कायमची बंद का करत नाही? उत्तरे प्रामाणिक होती. एकदा मीटर काढून नेला की पुन्हा अर्ज, पुन्हा अनामत, पुन्हा खेपा. गावच्या घराचा पुरावा म्हणून घरपट्टीच्या पावतीबरोबर वीजबिलच उपयोगी पडते. आणि डोंबिवलीहून आलेले एक काका म्हणाले, "मीटर फिरो न फिरो, बिल येतं तोवर घर चालू आहे असं वाटतं." त्यांना स्थिर आकाराबद्दल तक्रार नाही, कारण त्या पैशांत त्यांना काही तरी मिळते आहे.

आजींचे तसे नाही.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

घर क्रमांक ७ आणि ११ या दोन घरांची मजेशीर नोंद. दोन्ही घरांत तीन भावांच्या वेगळ्या चुली आहेत आणि चुलीगणिक मीटर. क्रमांक ७ मध्ये तिघे मिळून २७० युनिट जाळतात, प्रत्येकी ९०. एकच मीटर असता तर बिल ३०९० रुपये झाले असते, तीन मीटरांवर ते २२८७ होते. तीनदा स्थिर आकार भरूनही ८०० रुपयांचा फायदा, कारण कोणीच चढ्या टप्प्यात जात नाही. क्रमांक ११ मध्ये तिघे भाऊ मुंबईला असून प्रत्येक मीटरवर नावाला १० युनिट पडतात. तिथे एका मीटरवर ३५३ रुपयांत भागले असते, ते ६५० होतात. मी हे सांगितल्यावर थोरले म्हणाले की मीटर एक केला तर बिल कोणी भरायचे यावरून जे होईल, ते ३०० रुपयांपेक्षा महाग पडेल. याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा.

आजींची जुनी बिले चाळताना दिसले की त्यांच्या जोडणीचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घ्यायची परवानगी आहे तो आकडा, ०.१० किलोवॅट आहे. पूर्वी कुटीर ज्योती योजनेत गरिबांच्या घरी एका दिव्यापुरती जोडणी दिली जात असे, त्या काळातली ही जोडणी. दरपत्रकात घरगुती ग्राहकांचा एक वेगळा, दारिद्र्यरेषेखालील वर्ग आहे. मंजूर भार पाव किलोवॅटच्या आत आणि वर्षाचा वापर ३६० युनिटांपर्यंत, म्हणजे महिन्याला सरासरी ३०, असेल तर त्या वर्गाचे दर लागतात आणि तिथला स्थिर आकार सर्वसाधारण घरगुती ग्राहकापेक्षा पुष्कळ कमी असतो. आजींचा वापर वर्षाला दीडशे युनिटांच्या आसपास. मग त्यांच्या बिलावर सर्वसाधारण वर्ग कसा? मला खात्री होती की कुठे तरी नोंद चुकली आहे. अर्ज करून ती दुरुस्त करायची, म्हणजे प्रश्न सुटला.

अर्ज घेऊन उपविभागीय कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी आस्थेने संगणकावर जुना वापर काढून दाखवला. २०२०-२१ पर्यंत आजी त्या स्वस्त वर्गातच होत्या. त्या वर्षी टाळेबंदीत त्यांचे दोन्ही मुलगे बायकामुलांसह मुंबईहून आले आणि दिवाळीपर्यंत राहिले. घरात आठ माणसे, तीन पंखे, टीव्ही, मुलांच्या ऑनलाइन शाळेचे मोबाइल. जूनमध्ये निसर्ग वादळाने काही आठवडे अंधार करूनही वर्षाची बेरीज ३६० च्या पुढे गेली आणि पुढच्या आर्थिक वर्षापासून वर्ग बदलला.

नोंद चुकलेली नव्हती. नियमच तसा आहे : एका वर्षात ३६० युनिटांची मर्यादा ओलांडली की ग्राहक सर्वसाधारण वर्गात जातो, आणि पुढे वापर कितीही कमी झाला तरी तो परत येत नाही. मुलगे दिवाळीनंतर परत गेले, पंखे उतरवून ठेवले, वापर पुन्हा १२ युनिटांवर आला. वर्ग मात्र तिथेच राहिला. बाईंनी माझा अर्ज घेतला नाही आणि ते योग्यच होते, कारण त्यावर त्यांना काही करता येण्यासारखे नव्हते.

परतीच्या एसटीत विचार करत होते की हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणते घर असेल. ज्याची परिस्थिती सुधारली, घरात फ्रिज आला, टीव्ही आला, त्याने सवलत सोडावी, हे समजते. पण घराची भरती-ओहोटी सणांवर, संकटांवर आणि मुंबईच्या गिरणी-कारखान्यांवर चालत आलेल्या कोकणात एका वर्षाची भरती ही श्रीमंती समजणे चूक आहे.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आजींना सविस्तर समजावले. त्यांनी एकच विचारले, "म्हणजे पोरं आली म्हणून?" मी हो म्हटले. त्यावर त्यांनी काही म्हटले नाही आणि मीही ते पुढे वाढवले नाही.

वाचनालयात एका तरुणाने सुचवले की छतावर सौर पॅनेल बसवू या, केंद्राच्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार रुपये अनुदान मिळते. बंगल्यासाठी चांगली सूचना आहे. आजींसाठी नाही, कारण जे १२ युनिट वाचतील त्यांचे ८२ रुपये होतात आणि ग्रिडची जोडणी ठेवायची तर १४८ रुपये तसेच राहतात. शिवाय कौलांवर पॅनेल आणि आमचा चार महिन्यांचा पाऊस, हा वेगळाच विषय.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीच्या सुटीत गुरुजींनी कायदा वाचून काढला. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ४५ नुसार प्रत्यक्ष विजेच्या दराखेरीज स्थिर आकार घेता येतो, त्यामुळे तो बेकायदा आहे वगैरे बोलण्यात अर्थ नाही. पण कलम ६२(३) आमच्या उपयोगाचे आहे. आयोगाने कोणत्याही ग्राहकाला अवाजवी झुकते माप देऊ नये असे ते सांगते आणि त्याच वाक्यात कोणत्या कारणांवरून ग्राहकाग्राहकांत फरक करता येईल तेही सांगते. त्यांत भार गुणक (लोड फॅक्टर), म्हणजे कमाल भाराच्या मानाने सरासरी वापर, आहे, ठरावीक काळातला एकूण वापर आहे, भौगोलिक स्थान आहे. म्हणजे कमी वापरणाऱ्याला कमी स्थिर आकार लावण्याला कायद्याची आडकाठी नाही. २०१६ च्या राष्ट्रीय दर धोरणातही दारिद्र्यरेषेखालील आणि ठरावीक मर्यादेच्या आत वापर असलेल्या ग्राहकांना इतर ग्राहकांच्या दरांतून आधार देण्याची तरतूद आहे.

इतर राज्यांत काय चालते तेही पाहिले. गुजरातेत सरकारी वितरण कंपन्यांचा घरगुती स्थिर आकार जोडभारावर अवलंबून आहे आणि २ किलोवॅटपर्यंत तो महिन्याला १५ रुपये आहे. दिल्लीत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे २० रुपये. केरळात वापराच्या टप्प्याबरोबर स्थिर आकारही चढत जातो. आमच्याकडे सर्वसाधारण वर्गात सिंगल फेज म्हटले की एकच आकडा : २०२०-२१ मध्ये १००, २०२३-२४ मध्ये ११६, यंदा १२८. आजींचा ०.१० किलोवॅट आणि एसी बसवलेला बंगला या आकड्यापुढे सारखे. अर्थात गुजरातचा आकार कमी म्हणजे तिथली वीज एकूण स्वस्त असे यावरून सिद्ध होत नाही. आकारणी भारानुसार करता येते, एवढेच सिद्ध होते.

परदेशातही हा वाद आहे. ब्रिटनमध्ये विजेच्या जोडणीचा रोजचा ठरलेला आकार सुमारे ५३ पेन्सवर गेला आणि तिथल्या नियामकाला २०२३ च्या नोव्हेंबरात त्यावर लोकांची मते मागवावी लागली. कॅलिफोर्नियाने याच वर्षी मे महिन्यात उलट्या दिशेने पाऊल टाकले : युनिटचा दर उतरवायचा आणि महिन्याला २४ डॉलर १५ सेंट स्थिर आकार लावायचा, पण सवलत योजनेतल्या कमी उत्पन्नाच्या घरांना तोच ६ डॉलर. मला हे उदाहरण मोलाचे वाटते, कारण त्यांनी स्थिर आकार वाढवतानाच तो सगळ्यांना सारखा नसेल याची काळजी घेतली. आपल्याकडे पहिली गोष्ट झाली आहे.

८ डिसेंबर २०२४, रविवार

चालू दरांची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपते. त्याआधी नवा दरप्रस्ताव येईल, तो कायद्याप्रमाणे जाहीर होईल आणि लोकांच्या सूचना-हरकती मागवल्या जातील. त्या वेळी धावपळ नको म्हणून आमचे निवेदन आजच लिहायला बसलो. तीन तास गेले आणि बहुतेक वेळ एकाच मुद्द्यावर गेला.

माझा पहिला मसुदा सोपा होता : महिन्याला ३० युनिटांच्या आत वापर असेल तर स्थिर आकार निम्मा करावा. गुरुजी म्हणाले, "मग सर्वांत मोठा लाभ बंद घरांना. शून्य म्हणजे तीसच्या आतच." गणपतीत ट्रान्सफॉर्मर उडवणारी घरे आणि आजी एकाच रांगेत बसतील. वर्षाच्या बेरजेनेही भेद करता येत नाही, ६० युनिटांचे बंद घर आजींच्या दीडशे युनिटांपेक्षा अधिक गरीब ठरते. कोकणात युनिटांच्या आकड्यावरून परिस्थिती ओळखायला जाणे म्हणजे बंद दारावरून घरात किती माणसे आहेत ते सांगणे.

फरक दिसतो तो मीटरच्या फिरण्यात. आजींचा मीटर बाराही महिने फिरतो, थोडा पण न चुकता. बंद घराचा मीटर तीन महिने जोरात फिरतो आणि नऊ महिने थांबतो. ही माहिती कंपनीकडे दर महिन्याच्या रीडिंगमधून आधीच आहे, त्यासाठी कोणाला दाखला आणावा लागणार नाही. म्हणून निवेदनात शेवटी असे लिहिले की मंजूर भार अर्ध्या किलोवॅटच्या आत आहे, वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत आहे आणि बारापैकी किमान दहा महिन्यांत प्रत्यक्ष वापर नोंदला गेला आहे, अशा घराला स्थिर आकार कमी असावा. दुसरी मागणी परतीच्या वाटेची : मर्यादा ओलांडल्यामुळे वर्ग बदललेल्या ग्राहकाचा वापर पुढे सलग दोन वर्षे मर्यादेत राहिला तर त्याला जुन्या वर्गात आपोआप परत घ्यावे. स्थिर आकारावर १६ टक्के वीज शुल्क लागते त्याचाही उल्लेख करायचा होता, पण ते ठरवणे आयोगाच्या नव्हे तर राज्य सरकारच्या हातात आहे, म्हणून ते वेगळ्या पत्रात घेतले.

गुरुजींच्या आग्रहाने एक वाक्य घातले, जे मला आधी नको होते : ही सूट दिल्याने जी तूट येईल ती इतर ग्राहकांकडून भरून काढावी लागेल याची आम्हांला जाणीव आहे आणि वरच्या टप्प्यातल्या घरांवर तिचा अल्प भार टाकण्यास आमची हरकत नाही. बंगल्याचे मालक बैठकीला होते. त्यांनी वाक्य दोनदा वाचले, "अल्प म्हणजे किती ते लिहा," म्हणाले आणि सही केली. आकडा आम्हांला लिहिता आला नाही, कारण राज्यात अशी घरे किती आहेत ते कंपनीच सांगू शकते. तोच प्रश्न निवेदनात चौथा मुद्दा म्हणून टाकला.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

निवेदनाच्या प्रती तयार आहेत, जोडपत्रात ११ ऑगस्टचा तक्ता आणि घर क्रमांक ७ व ११ चा हिशेब घेतला आहे. आजींचे उदाहरण नाव-गाव न देता, त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या संमतीने घातले आहे. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली : आठ नव्हे, नऊ माणसे होती, धाकट्या सुनेचा भाऊही आला होता.

खालच्या वाडीतली आठ-दहा बंद घरे राहिली आहेत. त्यांची बिले शिमग्याला मंडळी आली की मिळतील. तोवर दरप्रस्ताव जाहीर झाला तर ती न जोडताच निवेदन पाठवायचे ठरले आहे.